गाजरगवत नुसते कापून काय होणार?

'बायपासलगतच्या रिकाम्या भूखंडांवरील गाजरगवत यंत्राने कापणार' हे वृत्त वाचले. हेतू चांगला, पण उपाय अपुरा वाटतो. हे भूखंड कालपरवापर्यंत सोयाबीन-गव्हाची शेते होती. माळव्याच्या काळ्या मातीत वर्षानुवर्षे घातलेल्या डीएपी खतातला स्फुरद (फॉस्फरस) सहजी वाहून जात नाही, तो मातीच्या कणांना धरून राहतो. नांगर थांबला, पीक गेले, खत मात्र उरले. ते आता तणाला मिळते. शिवाय गाजरगवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या जमिनीत काही वर्षे जिवंत राहतात.

गेल्या श्रावणात आमच्या कॉलनीमागचा भूखंड असाच कापला होता. पंधरवड्यात बुडख्यांना घोट्याएवढे फुटवे आले, त्यांवर पांढरी फुलेही! (फोटो मात्र कापणीच्या दिवशीच काढले गेले.)

त्यापेक्षा फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून झाडे मुळासकट उपटावीत आणि दिवाळीच्या सुमारास तिथे टाकळ्याचे बी फेकावे. पहिल्या पावसाबरोबर दाट उगवणारा टाकळा गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. त्याचे बी रस्त्याकडेला फुकट मिळते.

— एक वाचक, इंदूर