टेरियरला आधी काम द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जॅक रसेल टेरियर हल्ली हौसेने आणले जातात. सहा किलोचा, फूटभर उंचीचा कुत्रा, म्हणजे छोट्या घराला सोयीचा, असा हिशेब असतो. पुढे भुंकणे, उकरणे, चावणे यांना घरचे कंटाळतात आणि ‘कुणाला हवा आहे का’ अशी विचारणा सुरू होते. तोवर त्या जिवाने पुष्कळ मार खाल्लेला असतो. हे टाळता येते, म्हणून हे पत्र.

पुढे डेव्हनमध्ये पाद्री म्हणून राहिलेल्या जॉन रसेल यांनी ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, ‘ट्रम्प’ नावाची टेरियर कुत्री विकत घेतली. या जातीचे मूळ तिच्यापाशी जाते. कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला हुसकायचे आणि तो नेमका कुठे दडला आहे ते भुंकून वरच्या माणसाला कळवायचे, हे या कुत्र्यांचे काम. बिळात मालक दिसत नाही, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो असा पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला गुण आहे. माराने तो जात नाही. गुरगुरल्यावर मार बसला की कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

‘त्याला दमवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. रोज तासभर चेंडू फेकल्याने टेरियर दमत नाही. त्याचा दम वाढतो आणि घरी आल्यावरही तो तापलेलाच राहतो. त्यापेक्षा नाकाला काम द्या. रोजच्या खाण्यातला निम्मा भाग वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत, खोक्यांत, खुर्चीखाली लपवा. पंधरा मिनिटे हुंगून शोधल्यावर तो आपणहून आडवा होतो. गॅलरीत तीन फूट लांब, फूटभर खोल टबात वाळू भरून तिच्यात खेळणी पुरा. उकरायची हक्काची जागा मिळाली की सोफा आणि कुंड्या बऱ्याच अंशी वाचतात.

दोरीची ओढाओढ जरूर खेळा, पण ‘सोड’ शिकवून. दोरी आपल्या मांडीला टेकवून स्थिर धरा, एकदाच ‘सोड’ म्हणा, नाकाशी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा न्या. सोडताच तुकडा द्या आणि लगेच दोरी परत त्याच्या तोंडात द्या. इथेच बहुतेकांचे चुकते. ‘सोड’ म्हटले की खेळ संपतो, हे कुत्र्याने एकदा ताडले की तो जबडा आवळतो. मग चप्पल असो की कोंबडीचे हाड, तो सोडत नाही.

बोलावण्यासाठी ‘ये’ हा शब्द टाळा. घरात तो दिवसभर कानावर पडत असतो. शिट्टी घ्या. आधी घरात, शिट्टी वाजताच तुकडा, असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. आठवड्याने जिन्यात, मग गच्चीवर, मग मैदानात दहा मीटरची दोरी लावून. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, गळपट्ट्याला नको. धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. खार दिसली की आधी कान ताठ होतात, पाय नंतर उचलतात. शिट्टी त्या मधल्या क्षणी वाजली पाहिजे. पाठलाग सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही आणि ती वाया घालवली तर पुढेही तिची किंमत राहत नाही. रस्त्यावर मात्र टेरियरला कधीही मोकळा सोडू नये, कितीही शिकलेला असला तरी.

शेवटचा मुद्दा सोसायट्यांच्या कमिट्यांसाठी. टेरियर उंदीर धरणारच. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची भीती असते. त्याची लस डॉक्टरांना विचारून दरवर्षी द्यावी. विषाचा धोका वेगळा. ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीर मारायचे विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर त्यालाही बाधा होऊ शकते, शिवाय उघड्यावरची विषाची वडी तो स्वतःच खातो. लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते, रक्तस्राव सुरू होतो. वेळेत व्हिटॅमिन के-१ सुरू केले तर कुत्रा वाचतो, पण उपचार कित्येक आठवडे चालतात आणि विष कोणते हे डॉक्टरांना कळावे लागते. म्हणून कमिट्यांनी विषाच्या वड्या बंद पेटीतच ठेवाव्यात, आणि विषाचे नाव, जागा व तारीख फलकावर लिहावी. मांजरांसाठी आणि खाली खेळणाऱ्या लहान मुलांसाठीही हे तितकेच गरजेचे आहे.

आपला,
एक श्वानप्रशिक्षक, पुणे