लायडनहून पत्र: पोरगी तिकडे नक्की काय करते

लायडन (नेदरलँड्स), रविवार

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण अंगावर पुरेसं असतं, दोन्ही वेळचं जेवते आणि मी अजिबात वाळलेली नाही. व्हिडिओ कॉलवर तोंड तसं दिसतं.

अण्णा, ‘पोरगी तिकडे नक्की काय करते’ असं डेअरीवर लोक विचारतात आणि तुम्हाला सांगता येत नाही म्हणालात, म्हणून हे लिहितेय. फोनवर मी सुरू केलं की आई भाजी काय केलीस यावर आणते.

आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या खोडदच्या दुर्बिणी वेगळ्या, आमच्या वेगळ्या. खोडदच्या ३० तबकड्या लांब, मीटरच्या मापातल्या लहरी टिपतात. मी तारे जन्मतात तिथले रेणू शोधते, त्यांच्या खुणा मिलिमीटरच्या लहरींत असतात आणि हवेतली वाफ त्या वाटेतच शोषून घेते. म्हणून चिलीच्या कोरड्या वाळवंटात, ५००० मीटर उंचीवर, ‘आल्मा’ नावाच्या दुर्बिणीच्या ६६ तबकड्या उभ्या केल्यात. मला तिथे जावं लागत नाही, मोजमापं इथे संगणकावर येतात. तेव्हा आई, उंचावरच्या ऑक्सिजनची काळजी सोड.

सूर्यासारखा तारा जन्मायच्या आधी वायू आणि धुळीचा ढग एका जागी दाटतो. आत उणे २६० अंशांच्याही खाली. एवढ्या गारठ्यात काय घडणार, असं वाटतं, पण खरा उद्योग तिथेच चालतो. कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठतो, त्यावर हायड्रोजनचे अणू एकेक करून येऊन बसतात, आधी फॉर्मल्डिहाइड होतं, पुढे मिथेनॉल. मग मधोमध तारा तापू लागतो. भोवतालचा बर्फ उणे १७०च्या आसपास आला की त्याची वाफ होते आणि हजारो वर्षं साठलेलं सगळं बाहेर येतं. लाइट गेल्यावर दोन दिवसांनी फ्रीज उघडावा, तसा सगळ्याचा एकत्र वास. आत काय काय होतं ते त्यावरून ओळखायचं, हे माझं काम.

जूनमध्ये रात्री अंगणातून ज्येष्ठाचा तांबडा तारा दिसतो ना, त्याच्या जरा उत्तरेला असाच एक तान्हा तारा आहे. नाव रुक्ष, आयआरएएस १६२९३. डोळ्यांना दिसत नाही, धुळीत गुरफटलाय. २०१२ साली योर्गेनसेन नावाचे खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे ग्लायकोलाल्डिहाइड सापडलं, साखरेच्या घराण्यातला सगळ्यात साधा रेणू. अंतर साधारण ४६० प्रकाशवर्षं, म्हणजे आज आपण जे टिपतो ते शिवनेरीवर महाराज जन्मले त्याच्याही आधी तिथून निघालेलं.

अण्णा, पुढचं तुमच्यासाठी. हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्युटेरियम. विश्वात हायड्रोजनच्या लाखामागे एक-दोन अणू, एवढाच. पण त्या गारठ्यात, कार्बन मोनॉक्साइड गोठून वाटेतून बाजूला झाला की हा जड अणू रेणूंमध्ये भराभर घुसतो. आपल्या समुद्राच्या पाण्यातही तो त्या मानाने कित्येक पट जास्त आहे. म्हणून बऱ्याच जणांचं म्हणणं असं की पृथ्वीवरच्या पाण्याचा निदान काही भाग सूर्याच्याही आधीचा. आपल्या विहिरीचंही त्यात आलं. (खालच्या विहिरीचं. वरचीला पाणी कुठाय!)

मिथेनॉल म्हणजे हातभट्टीतलं विष, हे मामाने आईला सांगितलं ते खरंच आहे. पण माझा त्याला हात लागत नाही. इथल्या प्रयोगशाळेत पोलादी पेटीतली हवा काढून, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या छोट्या चकतीवर बर्फ जमवतात, तोसुद्धा केसाहून हजारो पटींनी पातळ. तेवढ्याने मुंगीही मरायची नाही. मी तर नुसते आलेख जुळवत बसते.

आता इथली एक गोष्ट. वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात. पाहुण्याने आत गेल्यावर ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचं, हे ठीक. पण मग त्याच्या आईचं, बायकोचं, सासऱ्याचं, शेजाऱ्याचंही करायचं, एकेकाशी हात मिळवून! त्यांनी काय केलं म्हणून? मी चुलतसासऱ्यांपर्यंत गेले. मग सगळे त्या गोलात बसून एक कॉफी, केकचा एक तुकडा. आग्रह नाही, ‘अजून घ्या’ नाही. ऑफिसात आपल्या वाढदिवसाचा केक आपणच न्यायचा. आणि सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर कुठे टांगतात? संडासात. का, ते एकालाही नीट सांगता आलं नाही. पण माणसं चांगली आहेत हो, तसं काही मनात आणू नका.

अण्णांच्या मोतीबिंदूचं मला ऑपरेशन झाल्यावर कळवलंत. ‘तू येऊन काय करणार होतीस’ हे आईचं बरोबरच आहे. तरी पुढच्या डोळ्याच्या वेळी आधी सांगा. थेंब वेळेवर घालताय ना? आणि लगेच मोटार चालू करायला शेतावर जाऊ नका, सागर आहे.

पैसे शुक्रवारी पाठवलेत. माझ्या नावाने ठेव करू नका, आधी सोसायटीचं कर्ज भरा. टोमॅटोला भाव नाही हे सागरकडून कळलं, तुम्ही काही बोलला नाहीत.

आळेफाट्याच्या स्थळाला नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका. मुलगा चांगला असेलही. पण माझं इथलं काम अजून दीड वर्ष आहे आणि तोवर कुणाला थांबवून ठेवणं बरं नाही. आत्याला वाईट वाटणार, तिच्याशी मीच बोलते. फोटो मात्र तो यात्रेतला पाठवू नका.

सागरच्या साखरपुड्याला यायचं बघतेय. मेमधली तिकिटं फार महाग दिसताहेत, पण माझ्यासाठी तारीख अडवू नका. गुरुजी म्हणतील ती धरा आणि मला लगेच कळवा, म्हणजे रजेचा अर्ज टाकते.

तुमची,
मनू