भाकर कमी करायला सांगता, तर गोळीही कमी करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामीण विदर्भातील मधुमेही रुग्णांना कमी कर्बोदकांच्या आहाराचा सल्ला देताना औषधांची मात्रा, तपासण्या आणि डाळीची उपलब्धता यांची सांगड घालण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून थोडीफार कोरडवाहू शेती करतो. आमच्या भागात आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील माणसांचे फॉर्म भरतात, उपकेंद्रात बोट टोचून साखर तपासली जाते आणि ज्यांची साखर वाढलेली निघते त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात. एवढे काम नियमाने होते आहे, त्याबद्दल आपल्या विभागाचे आभार मानतो. माझे गाऱ्हाणे त्यापुढच्या टप्प्याचे आहे. निदान झालेल्या माणसाला ‘भात, साखर, आलू बंद करा’ एवढे सांगून घरी पाठवले जाते. त्याने ते ऐकले तर त्याचे काय होते आणि नाही ऐकले तर काय होते, याची पुढे कोणी विचारपूस करत नाही.

ऐकले तर काय होऊ शकते, हे गेल्या पावसाळ्यात आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या वावरात पाहिले. निंदणाला आलेली एक बाई सकाळी अकराच्या सुमारास एकाएकी घामाघूम झाली, तिचे हात थरथरू लागले, खुरपे गळून पडले आणि विचारले एक तर ती उत्तर देऊ लागली भलतेच. सोबतच्या बायांना वाटले, ऊन लागले असेल. एकीने तर बाहेरच्या बाधेचाही संशय घेतला. त्यांच्यातल्या एका शिकलेल्या पोरीने चहासाठी आणलेली साखर पाण्यात कालवून तिला पाजली, तेव्हा थोड्या वेळाने ती भानावर आली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले ते असे : मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून तिच्या भाच्याने तिला भाकर आणि भात सोडायला लावले होते, त्या दिवशी ती नुसती वांग्याची भाजी खाऊन कामावर आली होती, आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे न चुकता घेतली होती.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात भाकर आहे की नाही, हे गोळीला कळत नाही. तीन भाकरी खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेली मात्रा एक भाकर खाणाऱ्याला जास्त होते, साखर ७० च्या खाली घसरते आणि वेळेवर कोणी ओळखले नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांना हाच धोका अधिक असतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना तो फारसा नसतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषधे आता स्वस्त झाल्यामुळे खेड्यातही पोहोचली आहेत. ती घेत असताना कर्बोदके फारच कमी केली तर रक्तात किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचून प्रकृती गंभीर होऊ शकते, आणि अशा वेळी यंत्रावरची साखर फार वाढलेली दिसत नसल्याने घरच्यांनाच काय, दवाखान्यातही चटकन उलगडा होत नाही. म्हणून कोणता रुग्ण कोणत्या गोळीवर आहे हे पाहिल्याशिवाय त्याला आहार बदलायला सांगणे हा अर्धवट उपचार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी कर्बोदकांच्या आहाराला माझा विरोध आहे असा अर्थ कृपया यातून काढू नये. माझे म्हणणे त्याच्या बाजूचेच आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९ च्या आपल्या अहवालात रक्तशर्करा सुधारण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करण्याला सर्वाधिक पुरावा असल्याचे नोंदवले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणातील १८,०९० प्रौढांच्या आहारावरून संशोधकांनी २०२२ मध्ये गणित मांडले. नव्याने मधुमेह झालेल्यांचा आजार माघारी फिरवायचा असेल तर एकूण उष्मांकांपैकी ४९ ते ५४ टक्के कर्बोदकांतून आणि १९ ते २० टक्के प्रथिनांतून यावेत, असे ते सांगते. याच सर्वेक्षणानुसार भारतीय माणसाचे सुमारे ६२ टक्के उष्मांक आज कर्बोदकांतून येतात. म्हणजे मागणी टोकाची नाही. दिवसभर निंदण-डवरणी करणाऱ्या माणसाला कोणी भाकर पूर्ण सोडायला सांगू नये. ती कमी व्हावी आणि तिची जागा दुसऱ्या सकस अन्नाने भरून निघावी, इतकेच. शहरांत ‘दीक्षित की दिवेकर’ (दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की थोडे थोडे वारंवार खा म्हणणाऱ्या दिवेकर) हा वाद रंगला होता तेव्हा आमच्याकडचे लोकही हिरिरीने बाजू घेत होते, पण ताटात काय वाढायचे हा प्रश्न त्या वादाने आमच्यापुरता सुटला नाही.

आमच्या ताटाचे वास्तव असे आहे. सकाळी दोन चमचे साखर घातलेला चहा, शिदोरीत तीन-चार पोळ्या किंवा भाकरी आणि त्यांच्यासोबत ठेचा नाहीतर रस्सा, रात्री पुन्हा पोळी आणि वर भात. वरण असते, पण इतके पातळ की त्यातून ताटाचा तळ दिसावा. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे दोन्ही वेळा भात असतो, आमच्या वऱ्हाडात एके काळी ज्वारी होती आणि तिची जागा आता गव्हाने घेतली आहे. ‘ज्वारी खा, साखर उतरेल’ असे आमच्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. ज्वारी चांगलीच, मात्र १०० ग्रॅम तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात ती सत्तरच्या आसपास. चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी खाल्ल्याने फार काही साधत नाही, आणि वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणाच्या २०२५ मधील निष्कर्षांतही हेच दिसून आले आहे : एकूण कर्बोदके न घटवता नुसते धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळत नाही.

मग भाकर दीडवर आणायची तर पोट कशाने भरायचे? उत्तर आमच्याच शिवारात आहे. घट्ट बेसन, बरबटीची उसळ, मूग, हरभरा, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, ताक, ज्यांना चालते त्यांना अंडे, शिवाय तरोटा, अंबाडी, चिवळ अशा पालेभाज्या. डाळीतही कर्बोदके असतात, पण तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि भरपूर तंतूही असतात, त्यामुळे साखर सावकाश चढते. सोयाबीनमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त प्रथिने आहेत. ते पोत्यांनी पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यांत त्याचे तेल निघते, ढेप कोंबड्यांच्या खाद्याला जाते आणि नीट भाजून-शिजवून ते घरी खायचे कसे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. आहाराचा जो कागद रुग्णाच्या हातात पडतो त्यात मात्र ओट्स, ब्राऊन राइस आणि ऑलिव्ह तेल असते. तो कागद कोणी लिहिला असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

यात रेशनचा भाग मोठा आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते मोफत आहे आणि गरिबाच्या घरी त्याचा आधार किती असतो हे मी रोज पाहतो. दिवसाला हे धान्य १६५ ग्रॅमच्या आसपास पडते, म्हणजे ते मुळीच जास्त नाही. अडचण ही की मोफत मिळते ते सगळे गहू आणि तांदूळ, आणि विकत घ्यावी लागते ती डाळ; तेव्हा मजुरी कमी पडली की काटछाट डाळीचीच होते. डाळ रेशनवर देणे अशक्य आहे असेही नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात याच दुकानांतून कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा दिला गेला. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आदिवासी भागात सवलतीच्या दराने हरभरा मिळतो, तमिळनाडूत तूरडाळ मिळते. आपल्या राज्याने २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. त्या चारांपैकी मधुमेह्याच्या खऱ्या उपयोगाची वस्तू एकच होती. तूर पिकवणारा प्रदेश आमचा, दालमिलचे गाव म्हणून अकोल्याची ओळख, आणि वरण पातळ ते आमच्याच घरी.

आणखी तीन गोष्टी विदर्भासाठी वेगळ्या ध्यानात घ्याव्या लागतील. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी एचबीए१सी तपासणी असते, तिचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. अशा रुग्णांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच पाहायला हवी. दुसरे, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथले भूजल खारे आहे त्या भागात, मूत्रपिंडाच्या तक्रारी गावोगावी ऐकू येतात, आणि ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे त्यांना प्रथिने वाढवण्याचा सल्ला विचारपूर्वकच द्यावा लागतो, म्हणून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहिल्याखेरीज तो देऊ नये. तिसरे, आमचे बरेच मधुमेही अंगाने लुकडे असतात. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली आहे. अशा माणसाला ‘कमी खा’ सांगणे घातकच ठरेल.

तेव्हा माझी विनंती अशी की, आहार बदलू पाहणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे गोळ्यांचे कार्ड वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याच दिवशी पाहावे आणि मात्रा कमी करायची असल्यास तशी लेखी नोंद द्यावी. प्रत्येक वेळी आरोग्य केंद्रात यायचे तर मजुरी बुडते, म्हणून उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांचा हा सल्ला घेऊन देण्याचे स्पष्ट आदेश असावेत. पहिल्या काही आठवड्यांसाठी साखर मोजण्याचे यंत्र आणि पट्ट्या उपकेंद्रातून घरी वापरायला द्याव्यात. पट्टीमागे पंधरा-वीस रुपये मोजून रोज दोनदा साखर तपासणे शेतमजुराला झेपणारे नाही. साखर उतरल्याची लक्षणे आणि त्यावर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून देण्याचा उपाय आशाताईंनी घरातल्या माणसांना, विशेषतः कामावरच्या सोबतिणींना सांगावा. आणि आहाराचा कागद वऱ्हाडासाठी वेगळा, धानपट्ट्यासाठी वेगळा, तिथल्या बायकांना विचारून तयार व्हावा.

या पत्राची एक प्रत अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांनाही पाठवीत आहे, कारण डाळीचा निर्णय त्यांच्या खात्याचा आहे आणि त्याला पैसा लागेल, हे मी समजू शकतो. गोळ्यांचे कार्ड पाहण्याचा आदेश मात्र आपल्याच खात्यातून निघू शकतो आणि त्यासाठी अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती