तुमच्या विंटर किटच्या माहितीपत्रकातली कोमट पाण्याची सूचना ताबडतोब काढा: तक्रार आणि नुकसानभरपाईची मागणी

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

दिवाळीच्या कार्यक्रमात तुमच्या स्टॉलवरून मी तुमचं विंटर किट, म्हणजे गाडीवरचा बर्फ काढायचं सामान, घेतलं होतं, भाच्यासाठी. तो ऑगस्टमध्ये लातूरहून आलाय, इथे न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला मास्टर्स करतोय, जुनी गाडी घेतलीय आणि गाडीवरचा बर्फ त्याने आजवर फक्त व्हिडिओत बघितलेला. स्टॉलवरच्या ताईंनी सांगितलं की स्क्रेपर, ब्रश, बर्फ विरघळवणारा डीआयसर स्प्रे सगळं आहे आणि सोबत मराठीत माहितीपत्रक आहे, नवीन आलेल्या मुलांना वाचून सगळं जमतं. खरं सांगायचं तर स्क्रेपर इथे कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतो, मी किट घेतलं ते त्या पत्रकासाठी, आणि माझी मुख्य तक्रार त्या पत्रकाबद्दलच आहे.

जानेवारीत रात्री फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस, पडला आणि सकाळी 14 डिग्री फॅरनहाइट होतं, म्हणजे आपलं उणे 10. असा पाऊस गोठला की काचेवर भुसभुशीत बर्फ नसतो, दगडासारखा पारदर्शक थर असतो. भाचा पत्रक समोर ठेवून एकेक करत गेला. स्क्रेपर जरा जोर दिल्यावर दांड्यापाशी मोडला आणि त्याची धार तळहातात घुसली. थंडीत ठिसूळ होणारं प्लास्टिक बर्फाच्या स्क्रेपरला वापरलंच कसं हे मला कळत नाही. मग स्प्रे मारला, वरचा थर जरा विरघळला आणि बघता बघता परत गोठला, कारण स्प्रेमधलं अल्कोहोल उडून जातं आणि मागे राहतं ते पाणीच, त्यामुळे विरघळलेलं लगेच खरवडून काढायचं असतं, हे पत्रकात कुठेच नाही. त्यानंतर तुमची पुढची सूचना, शब्दशः, "थर जाड असल्यास कोमट पाणी वरून खाली सावकाश ओतावे." त्याने ओतलं. वायपरच्या वर खडी लागून बारीकसा टवका उडालेला होता, तिथून टक् आवाज झाला आणि तडा निघाला तो ड्रायव्हरच्या सीटसमोरून थेट पलीकडच्या कडेपर्यंत. ओघळलेलं पाणी वायपरखाली आणि ड्राइव्हवेवर गोठलं ते वेगळंच, घरमालकीणबाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या आणि त्यावरून सटकल्या, गाडीला धरलं म्हणून थोडक्यात निभावलं.

तुमच्या चॅटवर मला उत्तर मिळालं की आम्ही गरम नाही, कोमट लिहिलंय आणि काचेला आधीच टवका होता त्यामुळे कंपनी जबाबदार नाही. असे हात वर करू नका. कोमट म्हणजे समजा 40 डिग्री सेल्सिअस, काच उणे 10 ला, म्हणजे फरक 50 डिग्रीचा झाला. पाणी पडलं तेवढा भाग एकदम फुगायला बघतो, शेजारचा गारठलेला भाग त्याला धरून ठेवतो, हा ताण जिथे काच आधीच दुबळी आहे तिथून बाहेर पडतो. आणि न्यू जर्सीत, जिथे अख्खा हिवाळा रस्त्यावर मीठ टाकतात आणि ट्रकच्या चाकांखालून खडी उडते, तिथे जुन्या गाड्यांच्या काचेला टवका असणं अगदी नेहमीचं आहे. तुमचे ग्राहक तर बहुतेक जुन्या गाड्या घेणारी मुलंच आहेत! वर या गाडीत आरशामागे लेन बघणारा कॅमेरा आहे, त्यामुळे नुसती काच बदलून भागलं नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करावं लागलं, म्हणजे तो परत नीट जुळवून घ्यावा लागला. दोन्ही बिलं आणि हाताच्या जखमेचा फोटो सोबत जोडलाय.

आता बॉक्सवरचा फोटो बघा. बाई हसत समोरची काच घासतेय आणि गाडीच्या टपावर वीतभर बर्फ तसाच आहे. न्यू जर्सीत 2010 पासून कायदा आहे की टप, बॉनेट, डिकी, सगळ्या काचा, सगळीकडचा बर्फ काढायचा प्रयत्न ड्रायव्हरने केलाच पाहिजे, नाहीतर काही घडलं नसलं तरी 25 ते 75 डॉलर दंड होतो, आणि तुमच्या गाडीवरून उडालेल्या बर्फाने कुणाला लागलं किंवा नुकसान झालं तर 200 ते 1000. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात 2022 साली कायदा कडक केला तो 2005 च्या नाताळात ट्रकवरून उडालेली बर्फाची लादी काचेतून आत येऊन एका बाईचा जीव गेला म्हणून. टपावरचा बर्फ पार्कवेवर, म्हणजे हायवेवर, वेग घेतला की मागच्याच्या काचेवर जातो आणि ब्रेक दाबला की घसरून आपल्याच समोर येतो. एडिसनमध्ये धंदा करणाऱ्या कंपनीने हे बॉक्सवर उलटं दाखवावं याचा मला मनापासून राग आलाय.

आणि सायलेन्सरच्या पाइपबद्दल तुमच्या पत्रकात एक ओळ नाही. 2016 च्या जानेवारीतल्या हिमवादळात इथेच न्यू जर्सीत पॅसेइकला बाप गाडीभोवतीचा बर्फ उपसत होता, ऊब मिळावी म्हणून बायको आणि मुलं सुरू गाडीत बसली होती, पाइप बर्फाने बुजलेला होता आणि कार्बन मोनॉक्साइड आत भरला. आई आणि एक वर्षाचा मुलगा गेला, नंतर तीन वर्षांची मुलगीही गेली. या गॅसला वास नाही, रंग नाही, भारतातून आलेल्या माणसाला हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही लिहिलंय "गाडी सुरू करून आत बसून ऊब घ्यावी." पुढे काहीच नाही.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगते. काच, कॅलिब्रेशन आणि किट यांचे पैसे परत करा. कोमट पाण्याची सूचना काढा आणि ज्यांनी ज्यांनी किट घेतलंय त्या सगळ्यांना ईमेल करून ती पाळू नका असं मराठीतच कळवा, कारण फेब्रुवारी अजून बाकी आहे आणि ते पत्रक किती घरांत पडलंय कुणास ठाऊक. नवीन पत्रकात लिहा की आधी सायलेन्सरचा पाइप मोकळा करायचा, गाडी बंद गॅरेजमध्ये सुरू ठेवायची नाही, वायपरचं बटण बंद आहे ना बघायचं नाहीतर चिकटलेले वायपर ओढताना मोटर जळते, मग डीफ्रॉस्ट (काचेवर गरम हवा सोडणारं बटण) लावून एसी चालू, बाहेरची हवा आत, आणि काच हळूहळू तापेपर्यंत ब्रशने आधी टप आणि मग खाली. हेही लिहा की इथे गाडी उभी ठेवून इंजिन सुरू ठेवायची मुभा तीन मिनिटं आहे, गाडी तीन तास उभी असेल आणि तापमान 25 फॅरनहाइटच्या खाली असेल तर 15. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला हीटरच्या तारा असतात, आतून दव गोठलं तर तिथे स्क्रेपर लावायचा नाही, हे तर कुणीच सांगत नाही. हे सगळं एका पानात बसतं.

स्क्रेपरचं प्लास्टिकही बदला, किंवा निदान किती थंडीपर्यंत टिकतं ते त्यावर छापा.

दहा दिवसांत लेखी उत्तर हवंय, फोन नको, चॅट तर नकोच. नाही आलं तर हीच बिलं आणि तुमच्या पत्रकाचा फोटो मी न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सला आणि कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनला पाठवणार आहे, आणि पुढच्या कार्यक्रमात तुम्हाला स्टॉल देण्याआधी हे पत्रक वाचा असं आयोजकांनाही कळवणार आहे.

तुमची ग्राहक,
एडिसन, न्यू जर्सी

सोबत: काचेचं बिल, कॅलिब्रेशनचं बिल, किटची पावती, मोडलेल्या स्क्रेपरचे आणि जखमेचे फोटो, माहितीपत्रकाचा फोटो