रडारवरची उंची रडारने मोजलेली नसते

महोदय,

विमान अपघाताच्या बातमीत 'रडारने विमानाची उंची अमुक फूट नोंदवली' हे वाक्य हमखास असते. हवाई वाहतूक नियंत्रणाचे रडार उंची मोजत नाही. ती विमान स्वतः कळवते, आणि हा फरक जिवावर बेतलेला आहे.

विमानतळाचे प्राथमिक रडार लहर सोडते, आणि ती विमानावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. दिशा अँटेनाच्या रोखावरून कळते. पडद्यावर उमटतो तो नुसता ठिपका. म्हणून 1950च्या दशकात अमेरिकेतले नियंत्रक प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्यावर विमानाचे नाव व उंची लिहीत आणि आडव्या ठेवलेल्या पडद्यावर तो तुकडा ठिपक्यामागे हाताने सरकवत. त्याला 'श्रिंप बोट' म्हणत.

दुय्यम रडार आले ते दुसऱ्या महायुद्धातल्या शत्रू-मित्र ओळखण्याच्या यंत्रणेतून. जमिनीवरून 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, विमानातला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपोआप उत्तर देणारा रेडिओसंच, 1090 वर उत्तर देतो. प्रश्नाच्या दोन पल्समध्ये 8 मायक्रोसेकंद असतील तर ओळख विचारलेली असते, 21 असतील तर उंची. उत्तर 20.3 मायक्रोसेकंद चालते. त्यामुळे एकाच दिशेची दोन विमाने अंतरात साधारण 3 किलोमीटरच्या आत आली, की दोघांची उत्तरे एकमेकांवर चढतात आणि आकडे बिघडतात. पुढे आलेल्या 'मोड एस' या सुधारित प्रश्नोत्तर पद्धतीत प्रत्येक विमानाला 24 बिटांचा स्वतंत्र पत्ता मिळाला, तेव्हा एकेकाला नेमके विचारता येऊ लागले.

1996 साली सव्वा महिन्याच्या अंतराने दोन अपघात झाले. 12 नोव्हेंबरला चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण गेले. तेव्हा दिल्लीत फक्त प्राथमिक रडार वापरात होते, उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावरच भिस्त होती. त्याआधी 2 ऑक्टोबरला एरोपेरूचे बोइंग 757 लिमाजवळ समुद्रात कोसळले, 70 जण गेले. विमान उंची काढते ती बाहेरच्या हवेच्या दाबावरून, आणि विमान धुताना हा दाब घेणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. रात्रीच्या अंधारात वैमानिकांनी नियंत्रकाला उंची विचारली, त्याने पडद्यावरचे 9,700 फूट सांगितले आणि विमान पाण्याला घासले. तो आकडा त्याच बंद छिद्रांतून आला होता.

आपल्या बातम्यांत 'ट्रान्सपॉन्डरने कळवलेली उंची' असे लिहावे, ही विनंती.

– एक वाचक