आईच्या रिपोर्टचे टेबल कोणते? अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: अंड्यांतून होणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाचा माग काढण्याची व्यवस्था उभारण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरणे येथे राहतो. गेल्या पावसाळ्यात भाचीच्या वाढदिवसासाठी आम्ही जवळच्या एका दुकानातून सँडविच मागवली होती. आत मेयोनीजचा जाड थर होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरातील नऊ जण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. आठ जण चार-पाच दिवसांत सावरले, परंतु माझ्या ७६ वर्षांच्या आईचा ताप उतरेना म्हणून तिला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ती अकरा दिवस तेथे होती. चौथ्या दिवशी स्टूल कल्चरचा, म्हणजे विष्ठेतील जिवाणूंच्या तपासणीचा, रिपोर्ट आला. त्यावर एका ओळीत ‘साल्मोनेला’ असे लिहिले होते आणि खाली कोणते प्रतिजैविक लागू पडेल, कोणते पडणार नाही, याचा तक्ता होता. तो कागद फाइलला लागला, घरी सोडताना आमच्या हाती परत आला आणि आजही आमच्या कपाटात आहे. हे पत्र त्या कागदाविषयी आहे.

आई घरी आल्यावर मी आपल्या विभागाच्या कार्यालयात तक्रार देण्यास गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘खाल्लेल्या पदार्थाचा नमुना आहे का?’ उरलेली सँडविच आम्ही त्याच रात्री टाकून दिली होती. नमुन्यावाचून दुकानावर कारवाई होऊ शकत नाही, हे मला समजते. परंतु ज्या आजाराची लक्षणे सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात, त्याच्या बाबतीत घासभर अन्न कोण जपून ठेवणार? खरा पुरावा रुग्णाच्या रिपोर्टमध्येच असतो आणि नेमका त्याचाच पाठपुरावा होत नाही.

डॉक्टरांनी मला जे समजावले ते येथे मांडतो, कारण बहुतेकांचा समज माझ्यासारखाच असणार. कवचाला लागलेली घाण धुतली की झाले, असे मी समजत होतो. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू मात्र कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडू शकतो, आणि मग कवच तयार होण्यापूर्वीच अंड्याच्या आत शिरतो. कोंबडी खाते-पिते, अंडी देते, आजारी दिसत नाही. असे अंडे क्वचितच निघते. अमेरिकेतील एका जुन्या अंदाजानुसार २०,००० अंड्यांमागे एक. घरात ते पूर्ण उकडले तर जिवाणू मरतो आणि कोणाला काही कळतही नाही. मेयोनीजसाठी मात्र पंचवीस-तीस अंडी एकाच भांड्यात कच्ची फेटली जातात, त्यातले एक दूषित असले तर सगळे भांडे दूषित होते, आणि तो डबा आपल्याकडच्या उकाड्यात दिवसभर गाडीवर उघडा राहिला की जिवाणूंची वाढ तासागणिक होत राहते.

आमच्या सेक्टरमधील दुकानात सकाळी टेम्पोतून अंडी उतरतात तेव्हा मी आता थांबून पाहतो. पुठ्ठ्याचे तीस-तीसचे ट्रे एकावर एक रचलेले असतात, एखाद्यावर फुटलेल्या अंड्याचा बलक वाळून पुठ्ठा कडक झालेला असतो, आणि रिकामे ट्रे त्याच टेम्पोतून परत जातात. अंड्यावर ना तारीख असते, ना फार्मची खूण. दुकानदाराला विचारले तर ‘हैदराबादचा माल आहे’ यापलीकडे तोही काही सांगू शकत नाही. शेकडा अंड्यांचा भाव राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते. अंडे कोणत्या शेडमधून आले आणि केव्हा घातलेले आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

शासनाला हे जमणारे नाही, असे मी मानत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा यंत्रणा तातडीने हलली आणि एक किलोमीटरच्या परिसरातील पक्षी नष्ट करण्यात आले. बर्ड फ्लूने कोंबड्या मरतात, म्हणून तो दिसतो. साल्मोनेलाने माणूस आजारी पडतो आणि कोंबडी धडधाकट राहते, त्यामुळे कोंबडी पशुसंवर्धन विभागाकडे, अंडे आपल्या विभागाकडे आणि रुग्ण आरोग्य विभागाकडे अशी वाटणी होऊन संसर्गाचा धागा मध्येच तुटतो.

ब्रिटनचा अनुभव यासाठी पाहण्याजोगा आहे. डिसेंबर १९८८ मध्ये तेथील आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला शिरल्याचे विधान केले. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर १९८९ पासून अंड्यांवरच्या कोंबड्यांची तपासणी सक्तीची झाली आणि बाधित कळप मारले गेले, तरी तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. १९९८ मध्ये उत्पादकांनी सिंहाच्या शिक्क्याची योजना आणली, त्यात कोंबड्यांचे लसीकरण आणि अंड्यावर तारीख या अटी होत्या, आणि खरा फरक त्यानंतर पडला. २०१७ मध्ये तेथील अन्न सुरक्षा संस्थेने हा शिक्का असलेली अंडी गरोदर स्त्रिया, बालके आणि वृद्ध यांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील, असे जाहीर केले. घबराट आणि कत्तल यांनी जे साधले नाही ते लस आणि शिक्क्याने साधले, म्हणून आपण आरंभच तेथून करावा, असे मला वाटते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील कलम ३५ नुसार अन्नविषबाधेच्या घटना कळवणे डॉक्टरांना बंधनकारक करता येते. ही अधिसूचना केंद्रीय प्राधिकरणाने काढावयाची असते. ठाणे आणि नवी मुंबईसाठी ती काढावी, असा आग्रह राज्याने धरावा. कलम ३० खाली अन्न सुरक्षा आयुक्तांना एखाद्या पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालता येते, आणि २०१२ पासूनची गुटखाबंदी आपण याच अधिकारात चालवीत आहोत. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये बंदी घातली. आपल्या आयुक्तांनीही असा आदेश काढावा. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांच्या शेडमधील विष्ठेची ठरावीक काळाने तपासणी आणि लसीकरण यांचा खर्च मात्र एकट्या पोल्ट्रीवाल्यावर टाकू नये. कळप बाधित निघाला की आपण बुडालो, अशी भीती त्याला राहिली, तर तो नमुना देणारच नाही.

या पत्रामुळे कोणी अंडी खाणे सोडावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. आमच्या घरी आजही अंडी येतात, आणि आई बरी झाल्यावर डॉक्टरांनीच तिला रोज एक उकडलेले अंडे खाण्यास सांगितले आहे.

तिच्या रिपोर्टची प्रत, नाव झाकून, सोबत जोडली आहे. हा कागद ज्या दिवशी तयार झाला त्याच दिवशी शासनाच्या कोणत्या टेबलावर पोहोचायला हवा होता, हे कृपया मला लेखी कळवावे.

आपला नम्र,
कोपरखैरणे, नवी मुंबई येथील एक रहिवासी