तीस लाखांशी थबकणारा कर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत महागड्या स्पोर्ट्स कारच्या देशोदेशीच्या किमतींचा तक्ता पाहिला. दुबईत एवढी, अमेरिकेत तेवढी आणि आपल्याकडे दुप्पट-अडीचपट. खाली सूर असा, की भारतात हौशी माणसाची नुसती लूट चालते. मी 31 वर्षं कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी केली, आधी इंदिरा डॉकला आणि नंतर न्हावा शेव्याला. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमचे कागद, भरण्यात हयात गेली, म्हणून चार ओळी लिहितो.

एकदा कंटेनर उघडला तर आत पिवळीधमक इटालियन गाडी. सीटवर प्लास्टिक तसंच, मीटरवर 14 किलोमीटर. कस्टमचे अप्रेझरसाहेब चेसिस नंबर वाचायला काचेला नाक लावून वाकलेले, मी बाजूला टॉर्च धरून. एरवी पेट्या धडाधड आपटणारे माथाडी त्या दिवशी हात मागे बांधून लांब उभे होते. ओरखडा उठला तर भरायचा कोणी? त्यातल्या एकाने विचारलं, "भाऊ, ड्यूटी किती हिची?" मी चलानावरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "म्हंजे एक गाडी शेटची आन् एक सरकारची!" इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण सीमाशुल्क याहून सोपं करून मला कोणी सांगितलं नाही.

आजही फारसं वेगळं नाही. परदेशातून तयार आणलेली गाडी 40 हजार डॉलरच्या वरची असेल तर बंदरावर शंभराला 110 रुपये शुल्क लागतं. 2025च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क 70 टक्क्यांवर आलं म्हणून मथळे झळकले, पण शेजारी 40 टक्क्यांचा अधिभार येऊन बसला. त्याचं नाव कृषी पायाभूत सुविधा आणि विकास अधिभार. फेरारीवाला शेतकऱ्यासाठी वर्गणी भरतो, हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला! तर शंभराचे झाले 210. त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी (आधी 28 टक्के आणि वर सेस, म्हणजे थोडा जास्तच). झाले 294. यात अजून विक्रेत्याचा नफा नाही, आरटीओ नाही, विमा नाही. दुबईत हेच गणित 5 टक्के सीमाशुल्क आणि 5 टक्के व्हॅट लावून 110 रुपये 25 पैशांवर संपतं.

पण दुबई म्हणजे जग नव्हे. माझी मुलगी सिंगापुरात राहते. नवरा-बायको दोघं कमावतात, तरी दारात गाडी नाही. तिथे आधी गाडी ठेवण्याचा परवाना लिलावात बोली लावून घ्यायचा, तोही 10 वर्षांपुरता; 2025 मध्ये मोठ्या गाड्यांच्या परवान्याची बोली लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. शिवाय नोंदणीचं शुल्क किमतीबरोबर चढत जातं. पहिल्या 20 हजार डॉलरना 100 टक्के, आणि 80 हजारांच्या वर जेवढी किंमत असेल तेवढ्या भागाला 320 टक्के. वाक्य पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. डेन्मार्कमध्येही वरच्या टप्प्याला 150 टक्के आहे.

आणि या गाड्यांचं माहेर असलेल्या इटलीत तरी मोकळं रान असावं ना? एके काळी तिथे दोन लिटरवरच्या इंजिनाला 38 टक्के व्हॅट होता, खालच्याला 18. म्हणून खुद्द फेरारीने 1980 मध्ये घरच्या गिऱ्हाइकासाठी दोन लिटरच्या आतल्या इंजिनाची 208 जीटीबी नावाची गाडी काढली. सिलिंडर आठच, पण ताकद 155 अश्वशक्ती. पुढे तिला टर्बो बसवून कसर भरून काढली. आजही तिथे इंजिनाची ताकद 185 किलोवॅटच्या वर गेली की दर किलोवॅटमागे वर्षाला 20 युरो जादा द्यावे लागतात. 450 किलोवॅटची गाडी असेल तर 5300 युरो, दर वर्षी. गाडी जुनी होत जाते तसा हा भार उतरतो, एवढाच दिलासा.

आपल्याकडेही 2003 मध्ये सचिनच्या फेरारीची 1 कोटी 13 लाखांची ड्यूटी माफ झाली, तेव्हा डॉकवर आम्ही आठवडाभर दुसरं काही बोललो नाही. त्याच्यावर जीव असणारेही "माफी कशाला?" म्हणत होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम गाडी भेट देणाऱ्या फियाट कंपनीने भरली.

तेव्हा बंदरावरच्या कराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडी बंदराबाहेर पडल्यानंतरची. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवरचा एकरकमी वाहन कर 10 लाखांच्या आत 11 टक्के, 20 लाखांपर्यंत 12 आणि वर 13 टक्के. आयात केलेल्या गाडीला 20 टक्के. ऐकायला रास्त आहे. पण या कराला कमाल मर्यादा आहे. पूर्वी ती 20 लाख होती, 1 जुलै 2025 पासून 30 लाख झाली. म्हणजे दीड कोटीच्या आयात गाडीलाही 30 लाख आणि 9 कोटींच्या गाडीलाही 30 लाखच. नऊ कोटींवर 20 टक्क्यांनी 1 कोटी 80 लाख व्हायला हवेत. प्रत्यक्षात कर बसतो सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. आमच्या धाकट्याने दिवाळीत 8 लाखांची पेट्रोल गाडी घेतली. पुरते 88 हजार भरले, 11 टक्क्यांनी. त्याला कसली मर्यादा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की मर्यादा काढली तर मंडळी कर कमी म्हणून पुदुच्चेरीला नोंदणी करतील. तशी ती आजही करतात. 'पीवाय'च्या पाट्या मुंबईच्या रस्त्यावर काय कमी दिसतात? अमेरिकेतही विक्रीकर चुकवायला माँटानात कागदी कंपनी काढून कॅलिफोर्नियात गाडी फिरवणारे आहेत. परंतु परराज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, असं मोटार वाहन कायद्याचं 47वं कलम सांगतं. ते वापरायला नवा कायदा लागत नाही, सिग्नलला उभा असलेला एक इन्स्पेक्टर पुरतो.

24 जुलै 2025च्या ब्रिटनबरोबरच्या करारात तिकडून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. केंद्राचा वाटा उतरत जाणार असेल तर राज्याने ही 30 लाखांची रेघ कोणासाठी राखून ठेवली आहे, एवढं परिवहन खात्याने जाहीर सांगावं. तुमच्या पुरवणीने पुढचा तक्ता केला तर त्यात हाही एक रकाना घालावा.

आपला,
एक निवृत्त क्लिअरिंग क्लार्क, पनवेल